पाच गुणांचा 'रि'

लीलाधर मास्तर मूळचे अकोल्याचे, पण पंधरा वर्षं बऱ्हाणपुरात इंग्रजी शिकवून तिथल्या लालबाग वस्तीतच मुरलेले. माणूस सरळ, पण विद्वत्तेची खुमखुमी दांडगी. इंग्रजी शब्दांना पुढून चिकटणारी 'रि', 'अन', 'प्री' ही चिमुकली मंडळी म्हणजे त्यांचा जीव की प्राण. त्यातही 'रि' लाडका. तो मूळचा लॅटिन, फ्रेंचांच्या घरी राहून इंग्रजीत आला, अर्थ दोन, 'मागे' आणि 'पुन्हा'. हे उत्तर शब्दन् शब्द पाठ हवं. एक शब्द हलला की गुण गेलेच.

त्रेपन्न साली आठवीच्या तोंडी परीक्षेला बहादरपूरची कोकिळा उभी राहिली. तिचा बाप देवराम मास्तरांना आधीच सांगून गेला होता, "पास झाली तं पुढे शिकवतो, मास्तर. नापास झाली तं मंग शादी. भाऊबंद मले जगू देत नई." म्हणजे मास्तरांना सगळं ठाऊक होतं. वाईट वाटतं ते याचंच.

"सांग, 'रि' आला कुठून? अर्थ काय?"

कोकिळा गडबडली. "कुठून ते इसरली, सर. पण अर्थ सांगते. केळीचा घड उतरवून झाड तोडलं तरी बुडातून पील निघते ना, त्याची पिलबाग होते. लावण नवी नई, पण बाग पुन्हा उभी. तसा 'रि'."

वर्ग खो खो हसला. मास्तरही हसले. "ही इंग्रजीची परीक्षा आहे बाई, केळीची नाही."

पाचपैकी शून्य. कोकिळा दोन गुणांनी नापास झाली. हेडमास्तरांनी दोन गुण वाढवायला सांगून पाहिलं, पण मास्तर बधले नाहीत. त्याच वैशाखात पोरीला फोपनार गावी देऊन टाकली.

पुढच्या वर्षी 'रि' काही केल्या वर्गाच्या डोक्यात शिरेना. वैतागून मास्तरांच्या तोंडून पिलबाग निघाली, आणि सगळ्यांना झटक्यात समजलं. केळीवाल्यांचीच पोरं ती! मग दर वर्षी पिलबाग सुरू झाली. तपासणीला आलेले साहेब मास्तरांची पाठ थोपटून गेले. उदाहरण कुणाचं, हे मास्तर कधी बोलले नाहीत. लाज वाटायची, पण शाबासकी गोड लागायची.

छप्पन साली राज्यं नव्यानं आखली गेली. अकोला मुंबई राज्यात गेलं, बऱ्हाणपूर मध्य प्रदेशातच राहिलं. मास्तरांनी आपल्या गावाकडं बदली मागून घेतली आणि निघायच्या आदल्या दिवशी फोपनार गाठलं.

कोकिळा ओट्यावर कापूस निवडत होती, शेजारी तान्हं निजलेलं. लगबगीनं उठून तिनं पाणी दिलं. मास्तरांनी पेला तसाच खाली ठेवला. "तुझं उत्तर बरोबर होतं, पोरी. माझ्यापेक्षा चांगलं होतं. तीन वर्षं मी तेच शिकवतोय. चुकलो मी."

बोलून टाकलं की मन हलकं होईल असं त्यांना वाटलं होतं. तसं काही झालं नाही.

"मंग मी पास होती, सर?"

"होतीस."

बाळाच्या अंगावर उडालेला कापूस ती कितीतरी वेळ वेचत राहिली.

"बाबा तं पोळ्याले गेले," ती म्हणाली. "मरेपर्यंत त्यायले वाटलं, मी शाळेत ध्यानच दिलं नई."