रानगव्याला आवतण

कोणाशीही बोलायच्या आधी ते त्याच्या खांद्यावर थाप मारत. माझे यजमान, एसटीचं बॉनेट, माझं शिवणयंत्र, कुणीच सुटलं नाही. "खांदा पाह्यल्याशिवाय जनावर समजत नाही, बाई." घाटंजीतले आमचे हे शेजारी, जन्मभर कापसाची बैलगाडी हाकत आलेले. तुमच्याही गल्लीत असा एखादा असेलच.

साठी उलटल्यावर एका उन्हाळ्यात त्यांचा शेवटचा बैल गेला. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाच्या खांद्याला लोणी-हळद चोळून जेवायचं आवतण द्यायची आपली रीत. आता ते द्यायचं कोणाला? रिकाम्या गोठ्याकडे पाहत बसतील, म्हणून नेमकं त्याच दिवशी मी त्यांना आमच्याबरोबर नागपूरला प्राणी पाहायला ओढून नेलं.

वाघ त्यांनी ओझरता पाहिला. "याले जुंपता येत नाही." शहामृगापाशी म्हणाले, "एवढाले पाय, अन् काम काहीच नाही?" मुलं हसून बेजार.

रानगव्यापुढे मात्र थबकले. "अबे, काय खांदा हाय!" आणि धोतराच्या सोग्यातून डबी निघाली. लोणी-हळद! मी "अहो" म्हणेपर्यंत हात गजांच्या आत. गव्यानं मुकाट चोळून घेतलं.

"आज आवतन घ्या, उद्या जेवाले या!"

गव्यानं त्यांची टोपीच ओढली आणि चघळायला लागला.

"घेतलं! आवतन घेतलं त्यानं!" म्हातारा तिथंच नाचला. गर्दीनं टाळ्या पिटल्या.

राखणदार धावत आला. "मरता काय, बाबा? गाव कोणतं तुमचं?"

"घाटंजी."

"अन् तो थ्या घाटंजीले येईन कसा? कुलूप हाय न!"

म्हाताऱ्याचा चेहरा उतरला. परतीच्या एसटीत एकच घोर. "पाहुण्याले बोलावलं, अन् तो उपाशी राह्यला तं?"

"गवा आहे तो. गवत खाईल," मी म्हटलं. तरी दुसऱ्या दिवशी पुरण मीच शिजवलं. त्यांनी गोठ्यात ताट मांडलं आणि दाराकडे डोळे लावून बसले.

संध्याकाळी दारात राखणदार, हातात चघळलेली टोपी. "माही सासुरवाडी इथलीच, बाबा. त्याले सुट्टी नाही भेटली. मले धाडलं."

शेजाऱ्यांनी आधी त्याच्या खांद्यावर थाप मारली. मग इतकं वाढलं, की त्याला उठवायला दोघं लागले.

पुढे दर पोळ्याला तो यायचा. शेजारी गेले त्या वर्षीही आला. त्याला कोणी कळवलंच नव्हतं. बंद दारापुढे उभा दिसला, तशी मी त्याला आमच्याकडे आणलं. रडत बसायला वेळ नव्हता, पुरण गार होत होतं. ताट वाढलं. तो मात्र उभाच.

मग माझ्या ध्यानात आलं. मी त्याच्या खांद्यावर जोरात थाप मारली. तेव्हा कुठं तो पाटावर बसला.