आत्याला आणायला गेलेली गाडी

आमच्या गावात मयतीचा निरोप लेकीबाळींना फोनवर देत नाहीत. फोनवर कुणी धसका घेतला तर जवळ कोण असणार, म्हणून माणूस पाठवतात. हे काम वर्षानुवर्षं शेजारच्या काकांकडे. त्यांच्याकडे जुनी व्हॅन आहे, त्यांचा आवाज कधी कापत नाही, आणि दारात उभं राहून ते खरं कधीच सांगत नाहीत. ‘तब्येत बरी नाई, चाला,’ म्हणायचं, गाडीत बसवून आणायचं आणि रडणं काय ते घरी पोचल्यावर. मला या खोटेपणाची नेहमी चीड यायची. काका लग्नाची पत्रिका द्यायला गेले तरी बायका आधी पदर तोंडाला लावतात, अशी त्यांची गावभर थट्टा चालायची. मीही ती केली आहे.

कापूस वेचणीच्या दिवसांत बाबांना चंद्रपूरच्या डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं. बोलणं कमी झालं होतं, पण शुद्ध पूर्ण होती. त्यांना एकच हवं होतं, कोरपन्याची थोरली बहीण. माझ्या या आत्याला ते ‘बाई’ म्हणत. सकाळी माझा हात धरून म्हणाले, "बाईले आन. बसमंदी तिले उलट्या होते. शेजारच्या भाऊची गाडी पाठव."

मी काकांना पाठवलं. दुसऱ्या कुणाकडे गाडी होतीच कुठे!

काका पोचले तेव्हा आत्या अंगणात तांदूळ पाखडत होती. तिचे वडील गेले तेव्हा हेच आले होते, आई गेली तेव्हाही हेच. त्यांना पाहताच तिच्या हातातलं सूप गळून पडलं आणि तिने हंबरडा फोडला. काका परोपरीने सांगत होते, "बाई, जिता हाय तो. तुमची वाट पाहून राह्यला." पण त्यांच्या तोंडून हे कोण खरं मानणार? शेजाऱ्यांनी त्यांनाच पाणी देऊन खाटेवर बसवलं.

काकांनी मला फोन लावला. आत्या बोलायच्या अवस्थेत नव्हती, तिच्या मोठ्या मुलाने फोन घेतला. मी अक्षरशः ओरडले, "दादा, बाबा आहेत! शुद्धीवर आहेत! आत्ताच्या आत्ता निघा!"

"हो वं, हो," तो मऊ आवाजात म्हणाला. "तू धीर सोडू नको. आम्ही सगळे मिळूनच येतो."

त्याच्या त्या समजूतदारपणाने माझ्या डोक्यात सणक गेली. मी मोबाइल बाबांच्या तोंडाशी धरला. ते "बाई" म्हणालेही, पण तिकडच्या रडारडीत ते कोणाला ऐकू जाणार! फोन बंद झाला आणि मग कोणी उचललाच नाही.

गेलेल्या माणसाकडे जायला लोक घाई करत नाहीत. आत्याचा धाकटा सिमेंट कारखान्यातून यायचा होता, सुना शेतातून. शिवाय भावाच्या मयतीला बहिणीने रिकाम्या हाती जायचं नसतं, म्हणून त्याच्या अंगावर घालायला पांढरं कापड घ्यायचं होतं. इकडे बाबा थोड्या थोड्या वेळाने विचारत होते, "बाई कुठी पोचली?"

"चंद्रपूर सोडलं, बाबा," मी सांगायची. ती अजून कोरपन्यातच होती.

दुपार कलली तसं त्यांनी विचारणं थांबवलं. आई तुळस आणायला उठली, ती परत येईपर्यंत ते गेले. मी काकांना फोनवर कळवलं. गाडी तेव्हा कुठे वाटेला लागली होती. त्यांनी फक्त ‘बरं’ म्हटलं आणि गाडीत कोणाला काही सांगितलं नाही. सांगून तरी काय, गाडीतले सगळे सकाळपासून रडून मोकळे झाले होते.

व्हॅन दारात थांबली. काका उतरले नाहीत. आत्या काखेत कापडाची घडी घेऊन आत आली, मागून तिची मुलं. मी दात आवळून उभी होते. दिवसभराचं सगळं त्या दादाच्या तोंडावर सांगायचं मी ठरवूनच ठेवलं होतं. बाबा दिवसभर तिची वाट पाहत होते हे आत्यालाही कळायला हवं, असं वाटत होतं.

"कवा गेला वं माहा भाऊ?" आत्याने विचारलं.

तिचा चेहरा पाहिला आणि माझ्या तोंडून निघालं, "सकाळीच. काका निघाले तेव्हाच."

आईने माझ्याकडे पाहिलं आणि मान वळवली.

आत्या बाबांच्या उशाशी बसली. त्यांच्या गालावरून, कपाळावरून हात फिरवला, मग चादरीत हात घालून छातीवर ठेवला. हात तिथेच थांबला.

"गरम हाय," ती म्हणाली. मग माझ्याकडे बघून, "अजून गरम हाय ना वं."

आणलेलं कापड तिने उघडलंच नाही. बाबांच्या अंगावरची चादर गळ्यापर्यंत ओढली आणि त्यांना थंडी वाजू नये म्हणून दोन्ही बाजूंनी घट्ट खोचत राहिली.