भारेवालीची ताटली

शांती नगरातल्या उत्तमरावांच्या घरी जेवायला स्टीलची ताटं आणि भिंतीवर चिनी मातीची, इंग्रजी. माणसाला कसला नाद लागेल, काही नेम नाही बुवा! बँकेतला सरळमार्गी गृहस्थ, पण भंगारवाल्याकडे शंभर-दीडशे वर्षांपूर्वीची, रंगीत चित्र छापलेली विलायती ताटली दिसली की याचं भान गेलंच. बोटाच्या पेराने टकटक करून कान लावायचा. खणखणीत वाजली तर घरी आणायची, बद्द वाजली तर आत तडा आहे म्हणून परत.

त्यांची बायको हंसाबाई. ताटल्या पुसायचं काम तिचं, पण जीव एकीवरच. दारावर उंच टांगलेल्या त्या ताटलीत गवताचा भारा घेतलेली एक गोरी बाई होती. "ही बाय आमच्या काशीगावचीच हाय," हंसाबाई म्हणायची. एकदा तरी हिच्यात जेवू द्या, एवढंच तिचं मागणं. उत्तमरावांनी ते जन्मभर उडवून लावलं. तडा गेला तर? एकदा तर थट्टेत म्हणाले, मेल्यावर जेव. बोलून गेले खरे.

गेल्या वर्षी ती गेली. उत्तमरावांना रडूच येईना. भेटायला आलेल्यांना हेच चहाचा आग्रह करत. मग ताटल्या पुसत बसत, त्या एकीला सोडून. त्यांच्यावर कुणी टकटक केली असती, तर बद्दच वाजले असते.

यंदा अविधवा नवमी आली, नवऱ्याआधी गेलेल्या बाईला पान वाढायचा दिवस. सून स्वप्नालीने कागदी डिश काढली. उत्तमराव थांब म्हणाले आणि त्यांनी स्टुलावर चढून भारेवालीला उतरवलं.

खिडकीशी धरली, तर चकाकीतल्या बारीक चिरांमध्ये पिवळं मुरलेलं. हळद. एका जेवणाची नव्हे, कितीतरी जेवणांची. हे बँकेत असताना हंसाबाई हिच्यात जेवत होती, धुऊन पुसून पुन्हा टांगत होती. एकटीच.

त्यांनी वरण-भात वाढून ताटली गच्चीवर ठेवली. कावळा आला, जेवून गेला. स्वप्नालीने गच्चीतल्या नळावर ताटली धुतली, पिवळं पाहिलं आणि म्हणाली, उन्हातच राहू द्या बाबा, हळदीचा डाग उन्हाने उडतो.

"नको गं," उत्तमराव म्हणाले. "तिचं तेवढंच उष्टं उरलंय."

आणि ताटली सदऱ्याआड धरून ते जिना उतरले.