दारावरचे पिवळे हात

"जिला एसी नाही, जिचे पार्ट मिळत नाहीत, ती गाडी घेऊन करणार काय?" आई मला स्टेशनपर्यंत हेच ऐकवत होती. मी तिचं ऐकण्याच्या मनःस्थितीत नव्हते. महिनाभर रोज स्वप्नात मी ती गाडी चालवत होते.

गाडी शिंदखेड्याच्या नानांची. साठ वर्षांची, सायीच्या रंगाची. मुलं शहरात, त्यांना ती भंगारात द्यायची होती. माझ्याआधी आलेल्या दोघा शौकिनांना नानांनी नकार दिला होता. मला फोनवर एवढंच म्हणाले, "ये, दखी ले. मंग सांगसू."

जळगावहून सुरतेकडची पॅसेंजर घ्या आणि खिडकी सोडू नका. थंडीत बाहेर दादर ज्वारीची शेतं डुलत असतात, आणि वेळ कुठे जातो कळत नाही. नानांकडे पोचले तर पानात भरीत आणि ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी. मी दोन संपवल्या.

जेवून नाना लवंडले. मी शेडमध्ये गेले. दारांच्या आतल्या पांढरट रेक्झिनवर पिवळे डाग पडले होते. पिशवीत सीट साफ करायच्या फोमची बाटली होतीच. नाना खूश होतील म्हणून मी तासभर घासत बसले आणि तीन दारं लख्ख केली.

नाना आले आणि त्यांनी पुसलेल्या दारावरून हात फिरवला.

"त्या डाग नव्हतात, पोरी. नवरीस्ना हात व्हतात."

गावातल्या प्रत्येक मुलीची पाठवणी याच गाडीतून झाली होती. घराच्या भिंतीवर हळदीचा थापा मारून नवरी निघे, आणि त्याच ओल्या हाताने गाडीचं दार घट्ट धरे. ते हात मी पुसले होते. मला रडूच फुटलं. गाडी आता मिळत नाही, हेही कळलं. तरी राहवेना. मी विचारलं, "नाना, कोणाकोणाचे होते?"

नाना चाकाशी टेकून बसले आणि नावं सांगत गेले. कोण हसत गेली, कोणाची चप्पल राहिली. ऊन उतरलं तरी नावं संपेनात. शेवटी त्यांनी चौथं, न पुसलेलं दार उघडलं. "हाऊ हात मन्ही पोर इमलना."

सकाळी किल्ली माझ्या हातात होती.

"आधी येल लोकस्नी इंजिन इचारं. तू नावं इचारात," नाना म्हणाले. "कोनी लगीनले मांगी ते नही म्हनू नको."

नरडाण्यावरून धुळं, तिथून पारोळा, एरंडोल, जळगाव. अशी गाडी आणणार असाल तर पन्नासच्या वर जाऊ नका, डावी बाजू धरा, पाण्याचे दोन कॅन ठेवा. लिटरला नऊ किलोमीटर मिळाले तर नशीब समजा. धुळ्यात इंजिन थंड करायला थांबले, तर कॉलेजच्या मुली जमल्या. सेल्फी झाल्यावर एक मागे राहिली. "ताई, ही चालवायला कोण शिकवतं?" मी तिला माझा नंबर दिला. पुढचा सगळा रस्ता मी तरंगतच आले.

काल शेजारच्या प्राजक्ताची पाठवणी झाली. गाडी सजवली आईनेच, आणि भिंतीवर थापा मारायला लावला तोही तिनेच. दारापाशी येऊन प्राजक्ताने हात पुसायला रुमाल मागितला.

मी दिला नाही.