एक पावसाळा जाऊ दे

गेनूकाकांचा पहिल्या दिवशी कशावरच विश्वास बसत नसे. चाकणच्या बाजारात कांद्याच्या वखारीत ते निवडणीचं काम करत. कांदा हातात आला की त्याची मान अंगठ्यानं दाबायची, जरा ओली लागली की बाजूला टाकायचा. वरून कितीही लालबुंद असो, तसला कांदा पावसाळ्यात सडतो. शिवाय आलेल्या प्रत्येक गाडीतला एक कांदा ते घरी आणून पडवीतल्या फळीवर ठेवत, खाली खडूनं शेतकऱ्याच्या नावाचं अक्षर. दिवाळीला तो बघायचा. तोवर त्या मालाबद्दल बरावाईट एक शब्द तोंडातून निघेल तर शपथ!

गाणाऱ्यांनाही त्यांनी हाच कायदा लावला होता. त्यांच्याकडे चावीचा जुना फोनो होता. नवी रेकॉर्ड आली की ती तीनदा वाजवायची आणि थेट ट्रंकेत, वर गोणपाट. पावसाळा सरल्यावर कांदे निवडताना ते गाणं आपसूक ओठांवर आलं, तर गाणारा पास. आठवायला रेकॉर्ड लावावी लागली, की नापास.

"आज ग्वाड लागतंय म्हंजे काय झालं? नवा कांदा बी ग्वाडच लागतो," ते म्हणत. सिनेमातल्या नव्या गवयांवर तर त्यांचा खास डोळा. "मागं येवढी वाजंत्री कशापायी? कायतरी झाकायचं असंल."

बाजारातला न्हावी अशाच एका नव्या गायकावर जीव टाकायचा. त्याच्यासारखा भांग पाडायचा, दुकानात त्याचा फोटो लावायला निघाला होता. काका दाढीला बसले होते. म्हणाले, "खिळा ठोकू नगंस, राव. टाचणीनं लाव. काढाय सोपं." दुसऱ्या वर्षी फोटो खरंच बदलला. काका नुसते टाचणीकडे बघत बसले.

पारूकाकू, म्हणजे त्यांची बायको, पदर तोंडाला लावून हसायच्या. "ह्यांचं काय सांगू बाई, लगीन होऊन तीस वर्सं झाली, मला बी अजून पास केलं न्हाई!"

मी त्यांच्या शेजारी आई आणि भावाबरोबर राहायची. गावातल्या मुलींच्या शाळेत शिकवायची, म्हणून काका मला 'बाई' म्हणत. गळा बरा होता. पुण्याच्या रेडिओवर एक नवं भावगीत गायचं बोलावणं आलं. तेव्हा सगळं थेटच असे. लाल दिवा लागला आणि माझी छाती अशी धडधडायला लागली की 'ओसरीवर दिवा माझा' या ओळीत ऐन शब्दाच्या मध्यात श्वास संपला. 'दि' म्हटलं, श्वास घेतला, मग 'वा'.

चाकणला पंचायतीच्या रेडिओभोवती काकांसकट सगळं गाव जमलं होतं. परत आले तर एक काका सोडून जो तो वाहवा करतोय. त्या श्वासाबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही, म्हणून मला सगळ्यांचाच संशय आला. मला एकाच माणसाचं मत हवं होतं आणि तेही लगेच. दापोडीचं स्थळ सांगून आलं होतं. मुलगा कारखान्यात, माणसं चांगली, पण अट अशी की रेडिओवर गाणं बंद. त्याच आठवड्यात रेडिओचं पत्र आलं, पुन्हा याल का म्हणून. मी वखारीत जाऊन सरळ विचारलं, "काका, माझं गाणं टिकेल का? टिकणार असेल तर मी स्थळाला नाही म्हणते."

"एक पावसाळा जाऊ दे."

"तोवर स्थळ थांबायचं नाही!"

"मंग मला इचारू नगं, बाई. आज व्हय म्हनलं तरी खोटं, न्हाई म्हनलं तरी खोटं."

असा संताप आला म्हणून सांगू! म्हातारा एक तर जळतोय, नाहीतर तोंडावर नाही म्हणायला भितोय, अशी माझी खात्रीच झाली. रेडिओच्या पत्राला उत्तर दिलं नाही. वैशाखात लग्न होऊन दापोडीला आले. माझी बाजाची पेटी माहेरीच राहिली. पुढे तेच गाणं मुंबईच्या एका नामवंत बाईंनी रेकॉर्डवर गायलं आणि ते घरोघरी झालं. शेजारी रेडिओवर लागलं की मी खिडकी लावून घ्यायची.

चार पावसाळे गेले. तोवर माहेरी आले तरी रागानं मी काकांच्या बाजूला फिरकत नसे. दिवाळीला माहेरी आले, तर शेजारच्या पडवीत काका फळीवरचे कांदे चाचपत गुणगुणत होते. तेच गाणं. मी मागच्या दारानं पारूकाकूंकडे गेले.

"मी येणार म्हणून सांगितलंत ना त्यांना?"

"कशाला सांगू? चार वर्सं हेच चाललंय. कान किटलं माझं."

"मग रेकॉर्ड आणली असेल."

"फोनो कवाचा मोडलाय."

तरी मला पटेना. पंचायतीचा रेडिओ होताच की. त्या नामवंत बाईंचं ऐकून म्हणत असणार, माझं कशाला! इतक्यात पडवीत काका त्या ओळीवर आले. 'ओसरीवर दि' म्हणाले, थांबले, श्वास घेतला, मग म्हणाले, 'वा माझा'.

तिथं श्वास घेणारी जगात मी एकटी होते.

"काका, तिथं चुकतंय," मी पडवीत येऊन म्हटलं.

"ठावं हाय." त्यांनी मान वर केली नाही. "रेकॉर्डवाली बाई तितं थांबत न्हाई. तिचं बराबर हाय. पर माझ्या ध्यानात हेच ऱ्हायलं, त्याला मी काय करू?"

"म्हणजे मी पास?"

"पास हायेस. पर गाणारीच गप बसली, तर पास करून उपेग काय?"

मला रडू आवरेना. भाऊबीजेला भावानं ओवाळणीत काय हवं ते विचारलं, तेव्हा मी म्हटलं, "माझी पेटी एसटीच्या टपावर चढवून दे."

दापोडीला दारातच नवऱ्यानं विचारलं, "हे कशाला?" मी म्हटलं, "गायला." दोन महिने घरात धुसफूस झाली. मग सासूबाईच म्हणाल्या, "म्हण बाई, पण जेवणं झाल्यावर."

मी स्वतःहून रेडिओला पत्र टाकलं. पुन्हा बोलावणं यायला वर्ष गेलं, आणि तेवढ्यात गेनूकाका गेले. मी तेच गाणं मागून घेतलं. लाल दिवा लागला. या वेळी छाती धडधडत नव्हती, श्वास भरपूर होता. त्या ओळीवर आले, 'दि' म्हटलं, थांबले, श्वास घेतला, मग 'वा' म्हटलं.

बाहेर आल्यावर तिथले साहेब हळहळले, "छान झालं हो, तेवढ्या एका जागी चुकलात."

"नाही," मी म्हटलं, "तिथं बरोबर आहे."