हलणारं आतडं

माझी नोकरी टिकली ती चाचींमुळे, हे आधी सांगते, मग बाकीचं. चाची यवतमाळच्याच. आमच्या औषधशास्त्राच्या कॉलेजातल्या उंदीरघरात त्या पिंजरे धुवायच्या. माझ्या नात्यागोत्यातल्या कोणी नव्हत्या.

मी रत्नागिरीकडची. शाळा आठवीतच सुटली. नवऱ्याला इकडे ट्रकवर काम लागलं म्हणून आलो. तो कायम बाहेर, मी भाड्याच्या खोलीत एकटी. कॉलेजात मदतनीस बाई हवी होती. तिथे संशोधन करणाऱ्या मॅडम म्हणाल्या, महिनाभर बघू, जमलं तर ठेवू. नाही जमलं तर गावी सासूकडे जाऊन राहायचं, असं नवऱ्याने आधीच बजावलेलं. आणि तिकडे काही केल्या मला जायचं नव्हतं.

मॅडम उंदरांच्या आतड्यातलं एक एन्झाइम तपासत होत्या. अंड्याच्या बलकात, सोयाबीनमध्ये लेसिथिन नावाची चरबी असते, ती फोडून पचवणारं. काही उंदरांना साधं खाणं, काहींना लेसिथिन कालवलेलं, आणि कोणात एन्झाइम जास्त काम करतं ते बघायचं. कालवायचं काम माझं. काकवीसारखं तपकिरी, चिकट. नखात बसलं की पोळीलाही तोच वास. ते खाऊन उंदरांना पातळ व्हायचं, शेपट्या लडबडलेल्या. चिरायच्या आदल्या रात्री त्यांना उपाशी ठेवायचं, तेही जाळीवर, कारण खाली तूस असलं तर ते आपल्याच लेंड्या खातात. हे पहिल्यांदा पाहिलं त्या दिवशी मी जेवणाचा डबा न उघडताच घरी नेला.

खरी किळस पुढे होती. मॅडम मेलेल्या उंदराचं आतडं काढून माझ्या हातात द्यायच्या. एका टोकातून त्या गार सलाईन सोडणार, दुसरं टोक धरून मी आतली घाण वाटीत पाडणार. मग आतडं चिरून काचपट्टीने आतला थर खरवडायचा, पांढरट, शेंबडासारखा. सगळं झटपट, कारण उंदीर मेला तरी एन्झाइम थांबत नाही. ऊब राहिली तर ते आतड्यालाच खायला लागतं.

पहिलं आतडं हातात आलं आणि हललं. उंदीर मेलेला, आणि हे पातळ हातमोज्यातून माझ्या बोटांवर अळीसारखं आकसतंय. बेसिनपर्यंतही पोचले नाही, टेबलाशीच ओकले. आतडं खाली पडलं.

"नमुना गेला," मॅडम म्हणाल्या. "उद्याही असंच झालं तर मला दुसरी बाई बघावी लागेल."

चाची बादली घेऊन आल्या. "सरक, मी पुसतो."

"राहू दे चाची, माझं मी करते."

"तू डोये पूस आधी. मासळीच्या गावची ना तू? ढिगानं मासे साफ केले असशीन. मंग इथंच कायले ओकून राह्यली?"

मी विचार केला. "मासा गार असतो, चाची. हे गरम आहे. आणि हलतं."

"मंग नाकाचं दुखणं नाही हे. हाताचं हाये."

दुसऱ्या दिवशी त्यांनी टबात बर्फाचं पाणी आणून ठेवलं. "डुबव. हातमोज्यासकट, मनगटापर्यंत."

"किती वेळ?"

"मले शिव्या द्याव्या वाटतीन तवरोक."

बोटं बधिर झाली. आतडं हातात आलं, पण ना ऊब कळली, ना हालचाल. तरी घशाशी आलंच. चाचींचं काम तिकडे पिंजऱ्यांचं, पण त्या माझ्या मागे उभ्या राहिल्या, पाठीवर हात ठेवून. "घरी आज काय रांधशीन, बेटा? खिमा?"

"चाची, अल्लाची शपथ, खाण्याचं काढू नका!"

मॅडमसुद्धा हसल्या. मग म्हणाल्या, "पुढचं घ्या." दुपारपर्यंत एकही नमुना वाया गेला नाही, आणि महिना संपला तशी मी कायम झाले.

किळस गेली म्हणाल तर नाही. त्या वाटीतला आंबूस, कडवट वास केसांत राहतो. अंड्याचा बलक मला बघवत नाही. कणकेला हात लावायच्या आधी भांड्यांच्या साबणाने कोपरापर्यंत घासते, तरी बोटं हुंगून बघतेच.

चाची आता घरीच असतात, गुडघे गेलेत. परवा भेटायला गेले तर त्यांची सून नाकाला पदर लावून शौचाचं भांडं बाहेर नेत होती. चाची हसून म्हणाल्या, "आता तर उठता तरी येते. पुरी खाटेवर पडली त मंग कोन करीन माह्यं?" मला तोंडावर काही बोलता आलं नाही, भीड वाटली. म्हणून इथे लिहिते. चाची, तो दिवस आला तर तुमचं हगणं-मुतणं मी काढीन. तोंड वाकडं होईल माझं, ते तुम्ही ओळखताच, पण मी येईन.