ताशा काही थांबेना

आता काय सांगू तुम्हाला, चूक माझी नव्हतीच! म्हणजे होती, पण सुरुवात आमच्या पथकातल्या बंटीने केली.

"अबे, मुग्धाताईच्या जागी पुढचा ताशा वाजवून दाखव. दम है?"

भर विसर्जन मिरवणुकीत असं विचारतं का कोणी? आणि विचारल्यावर मागे हटेन तो मी कसला?

आमचं माधव नगरचं ढोल-ताशा पथक. मुग्धाताई आमची उस्ताद, पुढचा ताशा तिचा. मागचा माझा. ढोल कितीही असू द्या, राज्य ताशाचं! ताशाने तुकडा वाजवला की ढोल सुरू, दुसरा तुकडा वाजवला की बंद. मध्ये आभाळ कोसळलं तरी ढोलवाले ठेका सोडत नाहीत.

मंडळाच्या बापटकाकांना यंदा डीजे हवा होता. ताई भांडली. काका म्हणाले, "ठीक आहे. पण रामघाटावर आरतीच्या वेळी जरा जरी गडबड झाली, तर तुमचं पथक बंद. पुढच्या साली डीजे!"

तरी बंटीने डिवचल्यावर मी तडक ताईजवळ गेलो. "ताई, मागे तुझ्या आईची चप्पल तुटली. रस्त्यातच बसल्यात बिचाऱ्या."

ताई पळाली. मी पुढे!

काय वाजवलं म्हणता! पब्लिक नाचायला लागली. बंटीचं तोंड तर बघण्यासारखं! वाजवत वाजवत घाटावर पोचलो. काकांनी हात वर केला, "बस! आरती!"

आणि मला आठवलं. बंद करायचा तुकडा ताईने शिकवला, त्या दिवशी मी देवास गेटला कचोरी खात होतो.

मी नुसता थांबलो. ढोलवाल्यांना वाटलं, पोरगा दम घेतोय. धाडधाड चालूच! मग अंदाजाने काहीतरी वाजवलं. त्यांना वाटलं, लय वाढवतोय. दुप्पट सुटले!

"कार्ट्या, बंद कर!" काका ओरडले.

"जोश आहे काका!"

"अरे, कापूर विझला!"

"मग दुसरा लावा ना!"

येत नाही म्हणू? मी? मरून जाईन!

हात लुळे पडले. घाटावरचे पंडे कानात बोटं घालून उभे. तेवढ्यात ताई परत आली, कमरेला ताशा तसाच. तिने एक तुकडा वाजवला असता तर खेळ खतम. पण नाही! हाताची घडी घालून समोर उभी.

"आईची चप्पल तर चांगली आहे," माझ्या कानात ओरडली. "वाजव की! थांबलास का?"

मी डोळ्यांनी विनवलं. ती बघेचना.

इतक्यात काकांनी मोबाईल काढला. "डीजेवाल्यालाच सांगतो आता. पथक खतम!"

ताईचा चेहराच उतरला. माझ्यासाठी मी मेलो तरी बोललो नसतो, पण पथकच बंद?

"ताई, येत नाही मला," मी हळूच म्हटलं.

तिने कानामागे हात धरला. "काय? ऐकू नाही आलं!"

मी छाती फुगवली, बेंबीच्या देठापासून ओरडलो. आणि बरोब्बर त्याच क्षणी तिने तुकडा वाजवला. सगळे ढोल एकदम गप्प. अख्ख्या रामघाटावर, शिप्रेच्या पल्याडपर्यंत, फक्त माझा आवाज:

"मीच खोटं बोलून तुला पाठवलं! मला ताशा बंद करता येत नाहीऽऽऽ!"